लिस्बनमधील मित्राच्या घरी राहून पोर्तुगाल पाहताना

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा शाळेपासूनचा मित्र गेली नऊ वर्षे लिस्बनजवळच्या ओदिव्हेलास येथे पत्नी आणि मुलीसह राहतो. येत्या एप्रिलच्या अखेरीस बारा दिवसांसाठी आपण पती-पत्नी आणि सदुसष्ट वर्षांच्या मातोश्री अशा तिघांनी यावे, सहल कंपनीकडे पैसे भरू नयेत, "सगळे मी दाखवतो" असा त्याचा आग्रह आहे. मातोश्री शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत. या परिस्थितीत कागदपत्रे कोणती लागतील, काय पाहावे, आणि मित्रावर किती भार टाकावा?

मी मडगावहून गेली बावीस वर्षे परदेश सहलींची आखणी करीत आहे. त्या अनुभवावरून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण बाकीची आखणी त्यावर अवलंबून आहे. मित्राचे निमंत्रण आनंदाने स्वीकारावे; "सगळे मी दाखवतो" हे वाक्य मात्र प्रेमाचे बोलणे समजून बाजूला ठेवावे. तेथे नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षाकाठी साधारण बावीस दिवसांची रजा मिळते आणि त्यातली बरीचशी त्याने चतुर्थीला गोव्यात येण्यासाठी राखून ठेवलेली असते. तो ती आपल्यासाठी खर्च करील आणि त्याबद्दल कधी बोलणारही नाही, पण त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला ते जाणवल्याशिवाय राहत नाही. मी स्वतः पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा एका स्नेह्याकडे उतरलो होतो. त्याने सलग पाच दिवस आम्हाला हिंडवले आणि सहाव्या दिवशी रात्री जेवताना, हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून, बसल्या जागी त्याचा डोळा लागला. त्याच्या पत्नीने तो तुकडा अलगद काढून ताटात ठेवला आणि आमच्याकडे पाहून ती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला कळला आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघे आमचे आम्ही बाहेर पडू लागलो.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. सोमवार ते शुक्रवार दिवसभर आपण स्वतंत्र फिरावे, संध्याकाळ मित्राबरोबर घालवावी, आणि जेथे मोटार असल्याशिवाय नीट जाता येत नाही अशी ठिकाणेच शनिवार-रविवारसाठी ठेवावीत. आपण निवडलेला काळ याला फार अनुकूल आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला लिस्बनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मित्र साडेसहाला कामावरून सुटला तरी नदीकाठी भटकायला पुरते दोन तास उजेड असतो. २५ एप्रिल ही १९७४ च्या क्रांतीची आणि १ मे ही कामगार दिनाची सुट्टी आहे. त्या दोन दिवशी मित्रही मोकळा असेल. मात्र १ मे रोजी अनेक संग्रहालये बंद असतात, हे लक्षात ठेवावे.

आता कागदपत्रे. आपल्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, लागेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो पोचलाच पाहिजे, परंतु एप्रिलअखेरच्या प्रवासासाठी फेब्रुवारीतच अर्ज दिलेला बरा, कारण उन्हाळ्याच्या गर्दीमुळे भेटीची वेळ मिळणेच कठीण होऊन बसते. मोठ्या माणसाचे शुल्क ९० युरो आहे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मातोश्रींना रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास विम्याच्या अर्जात ते न लपवता लिहावे. लपवलेल्या आजारावर विमा कंपनी पैसे देत नाही आणि तेथील रुग्णालयाचे बिल मित्राच्या गळ्यात पडते.

मित्राकडे उतरणाऱ्यांसाठी पोर्तुगालमध्ये 'तेर्मु द रेस्पोन्साबिलिदाद' नावाचे जबाबदारीपत्र असते. पोर्तुगीज नागरिक किंवा तेथे कायदेशीर वास्तव्य असलेली व्यक्ती त्यावर सही करून पाहुण्यांच्या निवासाची आणि निर्वाहाची हमी घेते. ते जोडले असले तरी आपली बँकेची विवरणपत्रे आणि नोकरीच्या ठिकाणचे रजापत्र द्यावेच. निर्वाहासाठी तेथील नियमाने दर माणशी प्रवेशाचे ७५ युरो आणि दररोजचे ४० युरो धरले जातात, म्हणजे बारा दिवसांचे ५५५ युरो. ही रक्कम आपल्या खात्यावर दिसली तर मित्राची हमी केवळ कागदावर राहते, आणि ती तशीच राहिलेली चांगली. अर्जात मुक्काम मित्राकडे असताना 'अधिक वजन पडावे' म्हणून हॉटेलचे नाममात्र आरक्षण जोडणारे लोक मला दरवर्षी भेटतात. दोन पत्ते दिसले की अधिकाऱ्याला शंका येते. जेथे राहणार तोच पत्ता लिहावा.

विमानमार्गाविषयी एक बारकावा फारसे कोणी सांगत नाही. गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. आखाती शहरातून गेलात तर आपली प्रवेशाची नोंद लिस्बन विमानतळावरच होते. पहिल्या खेपेला चेहऱ्याचे छायाचित्र घेतात, त्यामुळे रांग लांबते. परंतु फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर शेंगेन प्रवेश तेथेच होतो आणि लिस्बनला कोणी काही विचारत नाही. अशा प्रवाशाने पोर्तुगालमध्ये आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपल्या आगमनाची नोंद करावी असा तेथील कायदा आहे. हॉटेलात उतरणाऱ्यांची माहिती हॉटेल कळवते. घरी उतरणाऱ्यांसाठी ते काम कोणी करत नाही. त्यामुळे फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसमार्गाचे तिकीट शे-दोनशे युरोंनी स्वस्त असले तरी मातोश्री बरोबर असताना मी आखाती मार्गच सुचवीन.

सामानाविषयी. एप्रिलअखेर म्हणजे मानकुरादाचे दिवस, आणि मित्रासाठी डझनभर आंबे नेण्याचा मोह आपल्याला होणार हे मी गृहीत धरतो. नेऊ नका. युरोपीय संघात ताजी फळे आणि भाज्या वनस्पती आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियन एवढ्यांनाच त्यातून सूट आहे. माझ्याबरोबरच्या एका आजींनी सहा मानकुराद साडीत गुंडाळून नेले होते. तेथील अधिकाऱ्याने ते एकेक करून बाहेर काढले, आणि शेवटचा नाकाजवळ नेऊन क्षणभर थांबून मग टोपलीत टाकला. आजी पुढे आठवडाभर त्या अधिकाऱ्याविषयी बोलत होत्या. दूध, तूप, पेढे, बर्फी आणि मांसाचे पदार्थ, अर्थात आपल्याकडील चोरीस हे डुकराच्या मांसाचे सॉसेजसुद्धा, यांवरही बंदी आहे. सुकी मासळी मात्र स्वतःच्या वापरापुरती, माणशी वीस किलोपर्यंत, नेता येते. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयाला सुके बांगडे, सोलां (आमसुले) आणि दोन सोललेले नारळ मिळाले की आंब्याचे दुःख बऱ्यापैकी हलके होते. मासळी एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधावी, एरवी आपले कपडे बारा दिवस तिची आठवण देत राहतील.

पोचल्यावरचे पहिले दोन दिवस वेळेच्या फरकात जातात. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे घरी सहाला उठणाऱ्या मातोश्रींना तेथे रात्री दीड वाजता जाग येईल आणि चहाची आठवण होईल. पहिल्याच संध्याकाळी मित्राच्या पत्नीकडून त्यांना शेगडी कशी पेटते आणि साखर कोठे आहे हे दाखवून घ्यावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण परक्या स्वयंपाकघरात अंधारात चाचपडत उभे राहिलेल्या वृद्ध माणसाला आपण येथे पाहुणे आहोत की ओझे, असा प्रश्न पडतो.

शहरात फिरण्यासाठी प्रत्येकाने 'नाव्हेगान्त' हे कार्ड घ्यावे. एका कार्डावर दोन माणसे चालत नाहीत. त्यात पैसे भरून ठेवले की मेट्रो, ट्राम, बस, नदीवरची होडी आणि उपनगरी गाडी या सर्वांना ते चालते. मातोश्री पासष्टच्या पुढच्या असल्यामुळे पोर्तुगीज रेल्वेच्या तिकिटात त्यांना निम्मी सवलत आहे; खिडकीवर पासपोर्ट दाखवावा. पादत्राणे रबरी तळव्याचीच हवीत, कारण तेथील पदपथांवर बसवलेले पांढरे-काळे दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात आणि पावसाच्या दोन थेंबांनीही पाय सरकतो. शहर टेकड्यांवर वसलेले आहे. गुडघे दुखत असतील तर टेकडीवर वाहनाने जाऊन चालत खाली यावे.

बेलें हा नदीकाठचा भाग एका पूर्ण दिवसाचा आहे. प्रासा दा फिगैरा या चौकातून पंधरा क्रमांकाची ट्राम तेथे जाते. जेरोनिमोस मठाचे बांधकाम १५०१ मध्ये राजा मानुएल पहिला याच्या काळात सुरू झाले आणि त्याला लागलेला पैसा आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के कराचा होता. म्हणजे त्या दगडात आपल्याकडील मिरीही आहे. मठ सोमवारी बंद असतो आणि तिकीट आधी काढलेले नसल्यास उन्हात तासभर उभे राहावे लागते. निघण्यापूर्वी एक काम अवश्य करावे: जुन्या गोव्यात जाऊन सेंट फ्रान्सिस ऑफ आसिसी चर्चचा दरवाजा नीट पाहावा. ती काळ्या दगडाची चौकट मानुएल शैलीची आहे आणि आताच्या चर्चच्या आधीच्या वास्तूची एवढीच खूण उरली आहे. दोरखंडाचे पीळ, नाविकांचे खगोलयंत्र अशी जी चिन्हे या शैलीत कोरतात, त्यांची डोळ्यांना घरीच ओळख झाली तर बेलेंला पोचल्यावर भव्यतेने दिपून जाण्याऐवजी आपण तुलना करू लागतो. मठाच्या चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला काही वर्षे गोव्यात काढलेल्या कामोंइश या कवीची समाधी आहे. गामा १५२४ मध्ये कोचीला मेला. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले गेले आणि १८८० मध्ये येथे आणले. जवळच्या चौकात उंच खांबावर गोवा जिंकून घेणारा आफोंसो द आल्बुकेर्क उभा आहे. त्या पुतळ्यासमोर उभे राहून काय वाटावे हे मी कोणाला सांगत नाही. मला दर वेळी वेगळे वाटते.

आल्फामा हा जुना भाग १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात बऱ्याच अंशी वाचला, तर खालचा बाइशा भाग जमीनदोस्त होऊन राजाचा मंत्री मार्केझ द पोंबाल याने तो सरळ रस्त्यांनी नव्याने वसवला. आल्फामाच्या गल्ल्यांतून हिंडताना आपल्याला पणजीचे फोंतेन्यास आठवेल. पिवळ्या अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममध्ये सर्व पर्यटकांना बसायचे असते आणि खिसेकापूंना ते ठाऊक असते. मार्तीम मोनीझच्या टोकाला रांग फार असते, म्हणून दुसऱ्या टोकाहून, काम्पु द ओरीक येथून, सकाळी लवकर बसावे.

सिंत्राला शनिवारी मित्राच्या मोटारीने जाण्याची चूक मी स्वतः केली आहे आणि मोटार लावायला जागा शोधण्यात सकाळ घालवली आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी रोसियू स्थानकावरून गाडीने जावे. चाळीस मिनिटे लागतात, आणि स्थानकाबाहेरून ४३४ क्रमांकाची बस पेना राजवाड्यापर्यंत चढते. राजवाड्याच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते. याच सिंत्रात पेन्या व्हेर्द नावाची जागा आहे. गोव्यातला व्हाइसरॉय झुआंव द कास्त्रो याची ती इस्टेट, आणि तेथे विक्रम संवत १३४३ मधील, गुजरातच्या सारंगदेव वाघेल्याच्या काळातील संस्कृत शिलालेख नेण्यात आला होता. अभ्यासकांत तो 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणूनच ओळखला जातो. इस्टेट खाजगी असल्यामुळे तो पाहायला मिळेल असे धरून जाऊ नये. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक असलेले काबो दा रोका मात्र रविवारी मित्राबरोबर मोटारीने पाहावे. तेथे वारा जबरदस्त असतो, मातोश्रींसाठी कानटोपी हवी.

आता ज्या दोन ठिकाणांसाठी मी खास आग्रह धरतो त्यांकडे वळतो. काइश दु सोद्रे स्थानकावरून काश्काइशकडे जाणारी गाडी नदीच्या अगदी काठाने धावते आणि वाटेत काशियास नावाचे स्थानक लागते. सावई-वेरे येथे मराठी शिकवणारे मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना याच काशियासच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि इतरांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९६९ च्या जानेवारीत ते बाहेर आले. तो तुरुंग आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि बाहेर छायाचित्रे काढत उभे राहू नये. खिडकीतून स्थानकाची पाटी दिसते, पलीकडे समुद्राला मिळणारी नदी दिसते आणि गाडी पुढे जाते. फोंडा तालुक्यातील माणसाने एवढे तरी पाहावे.

दुसरे ठिकाण पेनिश. लिस्बनच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या खडकावर हा किल्ला आहे आणि हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेनंतर जी धरपकड झाली तीत गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते त्रिश्तांव ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि गोव्यातील आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगातून त्यांना येथे पाठवले. २०२४ च्या एप्रिलमध्ये येथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांना वाहिलेले राष्ट्रीय संग्रहालय उघडले आहे. आपण आग्वादच्या कोठड्या पाहिल्या असतील तर येथील कोठड्यांची मापे, दारातील झरोका, बाहेर अखंड आपटणारी लाट हे सगळे चटकन ओळखीचे वाटते. लिस्बनहून बसने सुमारे दीड तास लागतो, पण मी म्हणेन की हा दिवस मित्राबरोबर, मोटारीने, त्याच्या मुलीलाही घेऊन काढावा. तेथे वाढणाऱ्या गोमंतकीय मुलांना जेरोनिमोस शाळेत दाखवतात. पेनिशमध्ये आपल्या गावचे लोक होते हे त्यांना घरच्यांनी सांगावे लागते.

पोर्तु (पोर्टो) या शहराला जायचे असल्यास एक रात्र पुरे. जलदगती गाडीला तीन तास लागतात. तेथील साओं बेंतु स्थानकाच्या भिंतींवरील निळ्या फरशा झोर्झ कोलासु या चित्रकाराच्या आहेत, आणि पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील फरशाही त्याच्याच. पणजीतल्या आधी पाहून घ्या, तिकीट लागत नाही. एव्होरा आणि कोइंब्रा ही गावे मी यातून वगळली आहेत. बारा दिवसांत ती कोंबता येतात, पण मातोश्रींच्या पायांना विचारून पाहा.

जेवणाविषयी. न्याहारी आणि रात्रीचे जेवण घरी होईल. दुपारी बाहेर मातोश्रींची अडचण होईल, कारण साध्या कोबीच्या पातळ सुपातही चोरीसाची एक चकती तरंगत येते. मागवण्यापूर्वी "सें कार्न, सें पेश", म्हणजे मांस नको, मासळी नको, असे सांगावे. प्रसिद्ध 'पाश्तेल द नाता' मध्ये अंडे असते. लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळते, तर मार्तीम मोनीझच्या परिसरात डाळ, पीठ, मसाले सगळे मिळते. हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर येते. ते फुकट नसते, खाल्ले तर बिलात लागते, नको असल्यास तसे सांगून परत पाठवावे. दुकानातील पाट्या वाचायला मातोश्रींना फार शिकवावे लागणार नाही. बटाटा, अननस, काजू, पाव हे शब्द त्यांना तेथे थोड्या वेगळ्या उच्चारात भेटतील, आणि 'कोव्ह' म्हणजे आपला कोबी.

मित्राला पैसे देऊ केले तर तो रागावेल, म्हणून देऊ करू नयेत. मोटारीत इंधन आपण भरावे, महामार्गावरील टोल त्याच्या खात्यातून आपोआप वळता होतो हे ध्यानात ठेवून त्या दिवशीच्या जेवणाचे बिल आपण द्यावे, आठवड्याची बाजारहाट एकदा आपण करावी आणि एक रात्र मातोश्रींच्या हातचे भाज्यांचे खतखते त्या घरी होऊ द्यावे. बारापैकी मधली एक रात्र पोर्तुला काढलीत तर त्या कुटुंबालाही आपले घर एक दिवस आपल्यापुरते मिळेल.

व्हिसासाठी पत्र मागायला मित्राला फोन कराल तेव्हा त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे का आणि तो कितव्या मजल्यावर राहतो, हे आधी विचारून घ्या. तिकडे चार मजल्यांच्या कितीतरी जुन्या इमारतींना ती नसते. उत्तर "नाही, तिसरा मजला" असे आले तर मातोश्रींचे दिवसातून एकच चढणे-उतरणे होईल अशा बेताने वरची सगळी आखणी पुन्हा मांडावी लागेल. तसे असल्यास मला कळवा, मी ती मांडून देतो.